आधी ट्यूबलाइट बंद करा

महिन्यातून एखादा तरी फोन येतो. "काका, तुम्हाला जपानी तलवारींमधलं कळतं म्हणे. एक घ्यायचीय, कुठे मिळेल?" मी सांगतो, पहिलं वर्ष काहीही घेऊ नका. पलीकडे एकदम शांतता. त्याला वाटतं, पेठेतला म्हातारा तिरसटपणा करतोय. तिरसट मी आहेच, पण हा सल्ला त्यातला नाही.

मी पस्तीस वर्षं भोसरीत हीट ट्रीटमेंट केली. गिअर, शाफ्ट, पिना. लाल होईस्तोवर तापवायचं, तेलात बुडवायचं, मग रॉकवेल मशीनवर टोचून कडकपणा बघायचा. कंपनीचं जपानी लोकांशी काम निघालं म्हणून रानडे इन्स्टिट्यूटला संध्याकाळी जाऊन तोडकंमोडकं जपानी शिकलो, आणि पुढे दोन आठवड्यांसाठी ओकायामाला गेलो. सिंहगड रोडवरची पु. ल. देशपांडे बाग, म्हणजे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, ज्या कोराकुएन बागेवर बेतली आहे ते हे गाव. रविवारी सगळे खरेदीला गेले. मी जवळच्या ओसाफुनेला गेलो, कारण तिथे तलवारींचं संग्रहालय आहे असं कोणीतरी म्हणालं होतं. बिझेन प्रांताचं हे खेडं शेकडो वर्षं तलवारी घडवत होतं. १५९० च्या सुमाराला योशिई नदीच्या पुरांनी तिथली लोहारआळी जवळजवळ धुऊन नेली. पानशेत पाहिलेल्या गावातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तिथे काचेमागचं एक पातं बघून मी अर्धा तास हललो नाही. आम्ही फर्नेसवर मीटर लावून जे करत होतो, ते या माणसाने मातीचा लेप लावून आणि विस्तवाचा रंग बघून केलं होतं. तेही एकाच पात्यात धार कडक आणि पाठ मऊ!

मराठीत आपण म्हणतो, तलवारीला पाणी दिलं. पाणीदार तलवार, पाणी उतरलेली तलवार. हे शब्द लक्षात ठेवा, जपानी तलवार समजायला ते पुस्तकापेक्षा उपयोगी पडतात. लोहार पात्याच्या पाठीवर मातीचा जाड थर देतो, धारेकडे पातळ. मग तापवून पाण्यात बुडवतो. धार झटकन गार होते आणि कडक होते. आम्ही तिला मार्टेन्साइट म्हणतो. पाठ मातीखाली सावकाश गार होते, चिवट राहते. कडक झालेली धार किंचित फुगते, त्यामुळे पातं पाठीकडे वाकतं. तो देखणा बाक बराचसा पाण्यातच येतो. कडक आणि मऊ भागांची जिथे गाठ पडते ती रेघ म्हणजे हामोन. संग्राहक जीव टाकतात तो त्या रेघेवर.

ती रेघ बघायची कशी? आधी ट्यूबलाइट बंद करा. ट्यूबलाइटखाली उत्तम पातंही स्टीलच्या पट्टीसारखं दिसतं. खोलीत अंधार करा, डोळ्यांच्या थोडा वर एकच साधा बल्ब लावा, आणि पातं त्या बल्बच्या दिशेने धरून सावकाश कलतं करा. बल्बचं प्रतिबिंब धारेजवळ सरकलं की अचानक पांढरं धुकं उमटतं. त्या धुक्यात सुटे सुटे चमकणारे कण दिसले तर जपानी लोक त्याला निए म्हणतात, कण वेगळे न दिसता नुसतं धुकं दिसलं तर निओई. मी स्वतःपुरतं रवा आणि मैदा म्हणतो. सागामी प्रांताची, म्हणजे सोश्यू घराण्याची, कामं रवाळ असतात, बिझेनची मैद्याची. बिझेनच्या लाटेसारख्या रेघेत लवंगांच्या डोक्यांसारखे झुपके येतात, आणि तिथे त्या नक्षीला चोजी, म्हणजे लवंगच म्हणतात.

खोट्या तलवारीवर ही रेघ ॲसिडने किंवा तारेच्या ब्रशने काढलेली असते. ती कुठल्याही कोनातून सारखीच पांढरी दिसते, तिला खोली नसते. दहापट भिंगातून बघा, कण सापडत नाहीत. त्यानंतर पात्याचं अंग बघा. पोलादाला घड्या घालून घालून ठोकल्यामुळे लाकडाच्या फळीसारखी रेषांची वीण उमटते, ती हादा. एक आगाऊ सूचना: "लाख वेळा घडी घातलेलं पोलाद" असं म्हणणारा विक्रेता भेटला की चहा संपवून उठा. घड्या दहा-पंधराच असतात. पंधरा घड्यांत ३२,७६८ थर होतात, कागदावर करून बघा. त्यापुढे घड्या घालत बसलं तर प्रत्येक तापवणीत कार्बन जळतो आणि हातात मऊ लोखंड उरतं.

हे बघायला जपानलाच जायला हवं असं नाही. हैदराबादला सालारजंग संग्रहालयात जपानी दालन आहे, तिथे तलवारी आहेत. जपानला गेलातच तर तोक्योत उएनोचं राष्ट्रीय संग्रहालय आणि र्योगोकुचं तलवार संग्रहालय, आणि जमलं तर ओसाफुने. तिथल्या सेतोउची नगरपालिकेने २०२० मध्ये सान्चोमो नावाची राष्ट्रीय ठेवा असलेली तलवार लोकवर्गणी काढून विकत घेतली. पन्नास कोटी येन! आपल्याकडे गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या पोरांना मी ही गोष्ट सांगतो, ती मला आता टाळतात.

मूठ काढल्याशिवाय मत देऊ नका

वानवडी, खडकी, कॅम्प या भागांत जुन्या फौजी घरांमधून अजून जपानी तलवारी निघतात. आजोबा ब्रह्मदेशच्या किंवा मलायाच्या आघाडीवर होते, १९४५ मध्ये शरणागतीनंतर ही मिळाली, ही सामुराईची आहे. यातला शेवटचा भाग बहुतेक वेळा खरा नसतो.

एका आजींच्या घरी मला बोलावलं होतं. परवान्याचे कागद व्यवस्थित होते, तलवार कपाटात लुगड्याच्या फडक्यात. म्यानातून काढली तर मूठ ॲल्युमिनिअमची, वरून नक्षी रंगवलेली, आणि पात्यावर मुठीजवळ आकडे ठोकलेले. ही १९३५ सालच्या नमुन्याची, कारखान्यात यंत्रावर बनवलेली नाईक-हवालदार दर्जाची तलवार. त्यांच्या वडिलांची आठवण म्हणून तिचं मोल मोठं, पण जुनी तलवार म्हणून काही नाही. आजींना सांगताना मला वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, "बाबांनी आणली ना, मग झालं तर."

दुसऱ्या एका घरातली बाहेरून तशीच फौजी होती, खाकी दोरीची मूठ, धातूचं म्यान. पण अधिकारी लोक कधी कधी घराण्यातलं जुनं पातं फौजी मुठीत बसवून नेत. म्हणून मूठ काढायची. मुठीत मेकुगी नावाची बांबूची खुंटी असते. तिची बारीक बाजू ओळखून त्या बाजूने हलक्या हाताने बाहेर ढकला. मग डाव्या हाताने मुठीचं टोक धरा, पातं वर आणि किंचित तिरकं, धार तुमच्यापासून लांब, आणि उजव्या मुठीने डाव्या मनगटावर ठोका. दोन-तीन ठोक्यांत पातं सैल होतं. नाही झालं तर थांबा. हातोडी, पक्कड, डब्ल्यूडी-४० यांपैकी काहीही आणू नका.

मुठीत लपलेला पात्याचा भाग म्हणजे नाकागो. तलवारीची जन्मपत्रिका तिथे असते. जुन्या नाकागोचा गंज गर्द काळपट-तपकिरी, घट्ट आणि गुळगुळीत असतो, मुरलेल्या लोणच्याच्या रंगाचा. लालसर, हाताला लागणारा गंज नवा. हा काळा गंज शंभर-दोनशे-पाचशे वर्षांचा पुरावा आहे आणि तो घासून "स्वच्छ" करणारे शूरवीर मी स्वतः पाहिले आहेत. एका संध्याकाळी तलवारीची किंमत मातीत. नाकागोला कधीही हात लावायचा नाही, सँडपेपर तर स्वप्नातही नाही.

त्या दुसऱ्या घरच्या नाकागोवर लोहाराची सही नव्हती, पण भोकं दोन होती. याचा अर्थ बहुधा पातं मुळात लांब होतं, पुढे कोणीतरी खालून कापून आखूड केलं आणि खुंटीसाठी नवं भोक पाडलं. सही कापलेल्या तुकड्याबरोबर गेली असणार. मी बल्ब मागवला. मैद्यासारखं धुकं, सरळ रेघ, अंगाची वीण बारीक. माझे हात थरथरत होते, हे कबूल करायला मला लाज नाही.

सही असली तर आनंद लगेच करू नका. तलवारी दोन तऱ्हेच्या: ताची कमरेला धार खाली ठेवून लटकवत, काताना धार वर ठेवून खोचत. सही सहसा अंगाबाहेरच्या बाजूला येईल अशी कोरतात, म्हणून सही कुठल्या अंगाला आहे यावरून पातं मुळात कोणतं ते कळतं. दुसऱ्या अंगाला तारीख असेल तर महिना बहुतेक दुसरा किंवा आठवा लिहिलेला आढळतो, ती रीतच होती. आणि मोठं नाव दिसलं तर ते खोटं धरूनच चाला. मासामुने या नामांकित लोहाराने तर फारसं काही सही करून ठेवलंच नाही, तरी त्याच्या सहीच्या तलवारी बाजारात उदंड आहेत. कोतेत्सु या लोहाराच्या खोट्या सह्याही तशाच उदंड. सुकेसादा हे नाव ओसाफुनेत कित्येक लोहारांनी लावलं, त्यामुळे नुसतं सुकेसादा म्हणजे नुसतं "पाटील".

नाकागोवर, हाबाकीच्या म्हणजे पात्याच्या कॉलरच्या खाली, छोटा गोल शिक्का दिसला, "सेकी" किंवा "शोवा" अशा अक्षरांचा, तर पातं युद्धकाळातलं, बहुधा घड्या न घातलेल्या पोलादाचं. चांदणीचा शिक्का मात्र वेगळा: तो लष्कराच्या नेमलेल्या लोहारांचा, ते पारंपरिक पद्धतीने काम करत.

दोषांपैकी दोनच सांगतो, बाकीचे पुढे कळतात. पहिला हागिरे: धारेला काटकोनात गेलेली केसाएवढी चीर. आमच्या शॉपमध्ये हिला क्वेंच क्रॅक म्हणत आणि पार्टवर लाल रंग मारून भंगारात टाकत. तलवारीचंही तेच, ती कितीही जुनी असो. दुसरा, आगीत सापडलेलं पातं. घर जळालं, तलवार तापली, पाणी उतरलं. नंतर कोणी पुन्हा पाणी दिलं तरी ती पहिली तलवार राहत नाही. अंगावरच्या एखाद-दुसऱ्या फोडाने किंवा घडीच्या उघड्या सांध्याने मात्र घाबरू नका, जुन्या पात्यांना ते चालतं.

कागदांत फसगत फार होते. जपानमध्ये प्रत्येक तलवारीला तोरोकुशो म्हणून नोंदणीपत्र असतं, त्यात लांबी, बाक, भोकं, सही लिहिलेली. विक्रेते हे "अस्सलपणाचं प्रमाणपत्र" म्हणून पुढे करतात. ते फक्त नोंदणीपत्र आहे. सही खरी की खोटी हे त्यात कोणी ठरवत नाही. शिवाय तलवार देशाबाहेर काढताना ते परत करावं लागतं आणि त्यांच्या सांस्कृतिक खात्याचं निर्गमपत्र घ्यावं लागतं. अस्सलपणासाठी १९४८ साली स्थापन झालेल्या तलवार संरक्षण संस्थेचे कागद बघतात, होझोन, त्यावर तोकुबेत्सु होझोन, त्यावर ज्युयो. १९८२ च्या आधीचे पांढरे-हिरवे जुने कागद आज जाणकार पुरेसे मानत नाहीत.

घरात तलवार का नाही

शस्त्र कायदा १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांच्या यादीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची तलवार, खंजीर वगैरे धारदार हत्यारं येतात, आणि परदेशातून शस्त्र आणायला परवाना लागतो. शोभेची म्हणून, जुनी म्हणून कस्टमवाले सोडतील या भरवशावर पैसे भरू नका. शहरात पोलीस आयुक्त वेळोवेळी महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्र बाळगून फिरायला बंदी घालतात, आणि कोयत्याच्या बातम्या रोज पेपरात येत असताना रिक्षातून काताना नेणाऱ्या माणसाचं म्हणणं चौकीत कोण ऐकणार? घ्यायचीच असेल तर आधी आयुक्तालयाच्या परवाना शाखेत लेखी विचारा, वकील गाठा, मग व्यवहार. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुढे पॉलिशसाठी जपानला परत पाठवायची म्हटली तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येऊ शकतो, तेही आधीच विचारून घ्या. मला त्या कचेऱ्यांच्या पायऱ्या या वयात नकोत. म्हणून मी त्सुबा जमवतो.

त्सुबा म्हणजे मूठ आणि पातं यांच्या मधली चकती. सात-आठ सेंटिमीटरची, तळहातावर मावणारी. ती शस्त्र नाही, पोस्टाने येते, निवृत्तिवेतनात बसते. माझी पहिली पाच हजारांच्या आत आली, कस्टमचे वेगळे. आणि तलवारीबद्दल जे शिकायचं त्यातलं निम्मं ती शिकवते: लोखंड ओळखणं, गंज वाचणं, खोटी सही पकडणं.

हे शेवटचं मी पैसे भरून शिकलो. कानेइए हे त्सुबाकारांमधलं फार मोठं नाव. ती सही असलेली एक चकती मला एका विक्रेत्याकडे स्वस्तात दिसली आणि मी घेतली. घरी आल्यावर भिंग लावलं तर नक्षीच्या कापलेल्या भागात आतल्या कडेने साच्याची बारीक शिवण. ओतीव! आयुष्यभर ज्याच्या शेजारच्या शेडमध्ये फाउंड्री होती त्या माणसाने शिवण बघितली नाही. आता मी सगळ्यात आधी भोकांच्या आतल्या कडा बघतो. घडीव लोखंडावर तिथे कानशीचे माग असतात, ओतिवावर शिवण किंवा बारीक बुडबुडे. मग मधलं भोक बघतो, पातं जातं ते. खरोखर वापरलेल्या त्सुबेच्या भोकाला वर-खाली तांब्याचे तुकडे ठोकलेले किंवा छिन्नीच्या टोचण्या दिसतात, कारण प्रत्येक नव्या पात्यासाठी ती जुळवून घ्यावी लागे. शेवटी दोऱ्याला टांगून नखाने टिचकी. चांगलं घडीव लोखंड घंटेसारखं वाजतं, ओतीव बद्द. या टिचकीवर एकटीवर विसंबू नका, पण मला ती आवडते.

लोखंडी त्सुबेवर लाल गंजाचा ठिपका आला तर तेवढाच शिंगाच्या तुकड्याने घासायचा. मी जुन्या शिंगाच्या फणीचा दात वापरतो. नंतर सुती कापडाने रोज पाच मिनिटं चोळा, टीव्ही बघताना. दोन महिन्यांत जी काळी झिलई येते ती कुठल्याही रसायनाने येत नाही.

पाऊस आणि खंडेनवमी

जून ते सप्टेंबर पुण्यात पोलाद ठेवणं म्हणजे दूध उघडं ठेवणं. ज्यांच्याकडे रीतसर पातं आहे त्यांनी ते दिवाणखान्यातल्या शोभेच्या म्यानात न ठेवता शिरासायात, म्हणजे होनोकीच्या साध्या लाकडी म्यानात, ठेवावं. एरवी दोन-तीन महिन्यांनी, पावसाळ्यात दर महिन्याला काढून बघा. जुनं तेल मऊ कागदाने पुसा, नवं इतकं पातळ लावा की दिसू नये. उचिकोची पूड भरलेला तो लाल गोळा सिनेमात छान दिसतो, पण दर वेळी थापटलात तर पॉलिशवर ओरखडे चढत जातात. बोट लावू नका, घामाचा ठसा आठवड्यात गंज होतो. आणि उघड्या पात्यावर तोंड करून बोलू नका, थुंकीचा कण पुरतो. पुणेकराला यातलं शेवटचं सगळ्यात जड जाईल.

तेलाचं नाव चोजी, म्हणजे लवंगेचं. ते वाचून एका उत्साही मुलाने दातदुखीवरचं लवंगेचं तेल पात्याला लावलं होतं. चोजी तेल हे मुळात हलकं खनिज तेल, लवंगेचा नुसता वास. तेच मिळेल तर उत्तम, नाहीतर शिलाई मशीनचं स्वच्छ तेल. माझ्या त्सुबा लोखंडी कपाटात, प्रत्येकीची वेगळी डबी, सोबत सिलिका जेलची पुडी. जेल निळ्याचं गुलाबी झालं की ओव्हनमध्ये वाळवून परत ठेवतो.

खंडेनवमीला शस्त्रांची पूजा असते आणि हळदकुंकवाचं बोट पोलादावर गेलं की डाग पडतो, म्हणून मी आधीच कागद कापून ठेवतो, बोट कागदावर. पण एका वर्षी मी गावाला होतो. बायकोने आदल्या दिवशी देव घासायला घेतले, चिंच आणि मीठ, आणि कपाटातली एक काळी त्सुबाही प्रेमाने त्यांच्यात बसवली. ती शाकुदोची होती: तांब्यात थोडं सोनं. तिचा निळसर काळा रंग वरून दिलेला नसतो. किसलेल्या मुळ्याच्या रसात बुडवून मग मोरचुदासारख्या क्षारांच्या पाण्यात उकळून जपानी कारागीर तो धातूतूनच काढतात. मी परत आलो तेव्हा देवघरात बाळकृष्णाशेजारी ती गुलाबी, नव्या घागरीसारखी लखलखत होती.

मी ती घेऊन तांबट आळीत गेलो. एका म्हाताऱ्या कारागिराने तळहातावर तोलली, अंगठा फिरवला आणि म्हणाला, "तांबंच आहे, पण यात कायतरी घातलंय." परत काळी करून देऊ का, असंही विचारलं. मी नको म्हणालो. पाच वर्षं झाली. ती आता विटकरी झाली आहे, कडांना जरा गडद. दर दसऱ्याला बायको डबी उघडून बघते आणि मला विचारते, "अजून किती?"